पहिलं नको

शाळेच्या दारावरच्या छपराखाली दोघंच उभे होते. नोव्हेंबरची दुपार होती. आभाळातून धड पाऊस पडत नव्हता, धड बर्फही नाही — दोन्हींच्या मधलं, गालाला टोचणारं काहीतरी पडत होतं. उत्तरा वडिलांच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारचा तरुण हातातली लोकरी टोपी पिळत तिच्याकडे पाहायचा आणि पुन्हा नजर वळवायचा.

"माफ करा, मिस," शेवटी तो इंग्रजीत म्हणाला, एकेक शब्द जपून ठेवत. "एक विचारू? कारखान्यातला फोरमन माझ्या मामाला म्हणाला, 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ.' म्हणजे, श्वास रोखून धरू नकोस. पण मामाला छातीचा काही त्रास नाही."

उत्तराला हसू आलं. ते तिने ओठांवर येऊ दिलं नाही. "मामांनी त्याला काय विचारलं होतं?"

"कामावर परत कधी बोलावणार."

आतलं हसूही विरलं. एक्क्याऐंशी साल होतं. डेट्रॉइटच्या आसपासचे मोटारींचे कारखाने एकेक पाळी बंद करत होते. तिच्या वडिलांच्या ऑफिसातही टेबलं रिकामी होत चालली होती.

"त्याचा अर्थ... आशा धरू नका," ती म्हणाली. "बोलावणार नाहीत."

त्याने पिळलेली टोपी डोक्यावर ओढली.

"मामाला वाटलं, तो तब्येतीची चौकशी करतोय," तो म्हणाला. "मामा त्याला थँक यू म्हणाला."

त्याचं नाव एलिसेओ कांतू. वय बावीस. मेक्सिकोहून चेरी तोडायच्या हंगामासाठी तो मिशिगनला आला आणि मामाकडे, पॉन्टिॲकला राहिला. सुटलेलं शिक्षण पुरं करायला तो शाळेच्या प्रौढांच्या वर्गात बसत असे. उत्तरा त्याच वर्गात शिकवणीचं काम मिळतं का ते विचारायला आली होती. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बाराव्या वर्षी ठाण्याहून इथे आल्यावर ती स्वतः याच भाषेत ठेचकाळत शिकली होती, म्हणून तिला काम मिळालं आणि एलिसेओ तिच्या वाट्याला आला.

आठवड्यातून दोनदा, दुपारी, लायब्ररीच्या खिडकीपाशी ते बसत. शब्द तो पुस्तकातून पाठ करी, पण वाक्प्रचार बाहेरून गोळा करून आणी — बसमधून, न्हाव्याच्या खुर्चीवरून, टीव्हीवरच्या भांडणांतून. बाजारातून आणलेल्या भाजीसारखे ते टेबलावर मांडायचा आणि विचारायचा, यातला ताजा कुठला, शिळा कुठला?

"बटरफ्लाइज इन द स्टमक," एके दिवशी तो म्हणाला. "हा शिकवायची गरज नाही. स्पॅनिशमध्येही पोटात फुलपाखरंच असतात. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पोटात गोळा येतो."

"गोळा?" तो खरोखर दचकला. "प्रेमात पडल्यावर?"

"नाही रे! भीती वाटल्यावर."

"आणि प्रेमात पडल्यावर काय होतं?"

उत्तराने पुस्तकाचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. "आमच्या घरी त्याविषयी बोलत नाहीत," ती म्हणाली.

"बरं," तो गंभीरपणे म्हणाला. "मग मीही बोलत नाही."

तो हसला तेव्हा त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ती पाहायची नाही असं तिने ठरवलं, आणि तेवढ्यात पाहिली.

हिवाळा सरला. तिला मिस म्हणणं त्याने सोडलं. शिकवणीच्या पैशांतून घेतलेली तिची जुनी गाडी थंडीत रुसली की तो हातमोजे काढून बॉनेटखाली डोकं घाली, आणि परतताना तिच्या काचेवरचं बर्फ स्वतःच्या बाहीने पुसून देई. एप्रिलमध्ये, एका तासाच्या शेवटी, त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये नाच आहे. मामा अकॉर्डियन वाजवणार. माझ्याबरोबर... येशील?"

"नको, नको," उत्तरा हसून म्हणाली. "माझं काय तिथे..."

"ओके," तो म्हणाला. पेन्सिल उचलली, पुढचा शब्द विचारला.

तिचा हो त्या नकोच्या मागेच उभा होता. उत्तराच्या घरी पहिल्यांदा विचारताच हो म्हणणारा माणूस हावरट ठरायचा. चहा असो, साडी असो, आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग मान डोलवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाण्याचा पेला उजव्या हातात धरावा तितकं ते अंगवळणी पडलेलं होतं. घरी पोचेपर्यंत नाचाला कुठला ड्रेस घालायचा हेही तिचं ठरलं होतं.

पुढच्या तासाला तो आला, शिकला, गेला. नाचाचा विषय निघाला नाही. शनिवार आला आणि गेला. उत्तरा संध्याकाळभर फोनच्या आसपास वावरत राहिली. त्याने उगीच औपचारिकपणे विचारलं असणार — तिने स्वतःची समजूत घातली. समजूत पटली नाही, पण खळीकडे पाहणं तिने खरंच थांबवलं.

मेच्या अखेरीस त्याने सांगितलं, मामा ह्यूस्टनला जायचं म्हणतोय. तिथे काम आहे असं सगळे सांगतात. परीक्षा झाली की निघायचं.

"आणि तू?"

"इथला एक वर्कशॉपवाला मला हाताखाली घ्यायला तयार आहे. पगार थोडा, पण यंत्रांची अवजारं बनवायला शिकवेल." तो थांबला. "पण एकट्याने राहायचं तर... कारण लागतं."

तो तिच्याकडे पाहत होता. आता पुन्हा विचारेल, उत्तराला वाटलं. तो विचारेना.

"ह्यूस्टनला बर्फ पडत नाही म्हणे," ती म्हणाली, आणि पुस्तकं गोळा करू लागली.

एलिसेओ पास झाला. उत्तराच्या आईने, वसुधाने, आग्रह धरला की जायच्या आधी त्या मुलाला जेवायला बोलाव. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो नोव्हाय गावातल्या त्यांच्या घरी आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. वडील हेमचंद्र मोजकं बोलले. शेजारचे श्रीराम काका आणि संध्या काकूही जेवायला होते, त्यामुळे टेबल बोलकं राहिलं.

"संध्या, पोळी घे."

"नको नको, वसुधाताई, पोट टम्म झालंय." काकूंनी ताटावर हात आडवा धरला. पोळी हाताच्या कडेने ताटात गेली आणि काकूंनी ती मुकाट्याने मोडली.

एलिसेओने पहिल्या पोळीला येस म्हटलं, दुसरीला येस म्हटलं. तिसरीला तो म्हणाला, "नो, थँक यू." तिसरी पोळी त्याच्या ताटात पडली.

तो पोळीकडे पाहत राहिला. मग उत्तराकडे वळला. "मी चुकीचं बोललो का?"

सगळे हसले. "यंग मॅन, तुझं इंग्लिश परफेक्ट आहे," श्रीराम काका त्याला समजेल असं सावकाश म्हणाले. "आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत. दुसरंही नाही. ही माझी बायको — लग्नाचं विचारलं तर दोनदा नको म्हणाली."

"अहो, पुरे! पोरांसमोर काय..."

"आणि मी तिसऱ्यांदा गेलो!"

पुन्हा हशा झाला. एलिसेओ हसत नव्हता. तो सावकाश उत्तराकडे पाहू लागला, आणि ती ताटातलं मीठ बोटाने उगीच एका जागेवरून दुसरीकडे सारू लागली.

जेवणानंतर ती त्याला सोडायला अंगणात गेली. अजून उजेड होता. बारीक पाऊस मामाच्या गाडीच्या टपावर वाजत होता.

"एप्रिलमध्ये तू नको म्हणालीस," तो म्हणाला. "ते पहिलं होतं?"

उत्तराने मान हलवली. हो.

"आणि तू वाट पाहत होतीस?"

पुन्हा मान.

त्याने दीर्घ श्वास घेतला. ती उभी राहिली, आता तो प्रश्न येईल म्हणून. पण तो म्हणाला, "मी पुन्हा विचारणार नाही, उत्तरा."

"का?"

"आमची आई दुसऱ्यांच्या शेतावर राबायची. तिचा मुकादम तिचं 'नाही' ऐकून घ्यायचा नाही." तो पावसाकडे पाहत बोलत होता. "तिने आम्हा भावांना एक गोष्ट शिकवली. बाई नाही म्हणाली की तिथेच थांबायचं. मला ते मोडता येत नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही... तुझ्याकडे हो असेल, तर तो तुला म्हणावा लागेल."

तिने गाडीच्या टपावरचं पाणी बोटाने निपटलं. आयुष्यात तिने कधी, कुणाकडे, आपणहून काही मागितलंच नव्हतं. तो जरा वेळ थांबला, मग मान लववून गाडीत बसला.

स्वयंपाकघरात वसुधा भांडी विसळत होती. "काय म्हणालीस त्याला?"

"काही नाही."

"हं." नळ चालू राहिला. "तुझ्या बाबांनी अमेरिकेला यायचं विचारलं होतं ना, तेव्हा मी नको म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय! त्यांना वाटलं, नेहमीचंच नको आहे. तिकिटंच घेऊन आले." तिने नळ बंद केला. "ते खरं नको होतं गं."

उत्तराने आईच्या हातातलं भांडं घेतलं. या घरात, या स्वयंपाकघरात, इतकी वर्षं...

"बाबांना माहीत आहे?"

"कुठे सांगितलं? आपण मनात एक ठेवायचं आणि समोरच्याने ते ओळखावं म्हणून बसून राहायचं. माझं बसून झालं. वाईट नाही झालं काही, पण..." तिने पदराला हात पुसले. "तू उद्या जा. बाबांशी मी बोलते. आणि या वेळी स्पष्ट बोलते."

रविवारी सकाळी उत्तरा पॉन्टिॲकला पोचली तेव्हा भाड्याचा ट्रक दारात भरून उभा होता. फाउस्तिनो मामा दोऱ्या आवळत होता, मामी पायरीवर रुमालाने वारा घेत होती, दोन मामेभाऊ शेवटची गादी आत कोंबत होते. एलिसेओ ट्रकच्या मागच्या फळीवर उभा होता. त्याने तिला पाहिलं. खाली उतरला नाही. बोलला नाही. नुसता थांबला.

सगळ्यांचे हात थांबले. उत्तराच्या पोटात गोळा आला होता, मोठा, दगडासारखा. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"तू जाऊ नकोस," ती म्हणाली. आवाज कापला. तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, "मला तू इथे हवा आहेस. माझं तुझ्यावर प्रेम आहे. मला कुणी विचारलेलं नाही. मी आपणहून सांगते आहे."

मामाने मामीकडे पाहिलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मामीने डोळे टिपत उत्तर दिलं. मामाने कपाळाला हात लावला.

"काय झालं?" उत्तरा घाबरून म्हणाली. "ते रागावले का?"

"नाही," एलिसेओ म्हणाला. त्याचा आवाज जागेवर नव्हता. "माझी पेटी काल सगळ्यात आधी चढवली. ती पार आत आहे, कपाटाच्या मागे. सगळं उतरवावं लागेल."

मामेभावांनी एकदम कण्हत माना खाली घातल्या. मामाने मात्र नुकतीच बांधलेली गाठ सोडायला घेतली. एलिसेओने गादी ओढून फळीच्या कडेवर आणली आणि तिच्याकडे पाहिलं — मदत कर असं न म्हणता.

उत्तराने पर्स पायरीवर मामीजवळ ठेवली, बाह्या सारल्या आणि गादीचं दुसरं टोक धरलं.