खुर्चीचे कापलेले हात

"गाढव गेलं, ताई," दारातूनच ऋतुजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

शेफाली खासनीसने स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला. सदाशिव पेठेत, पिठाच्या गिरणीवर शेफालीची खासगी तपासाची कचेरी होती. खाली गिरणी सुरू झाली, की वर टेबलावरचे कप एकमेकांशी बोलू लागत.

खिडकीपाशी तिचे अनंतमामा बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते भाचीला तपासात मदत करत. म्हणजे सोबत येत आणि चुकीच्या माणसावर संशय घेत. उरलेला वेळ मोबाईलवर अमेरिकेच्या बातम्या.

"कुठलं गाढव?" त्यांनी विचारलं.

"अमेरिकेचं."

मामा ताठ झाले. "म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष?"

"त्याचं डोकं हो. कागदाच्या लगद्याचं. महिनाभर घडवत होतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऋतुजाच्या गणेश मंडळाचा यंदाचा जिवंत देखावा अमेरिकेवर होता. लेखन तिचं, दिग्दर्शनही तिचंच, आणि दोन्ही पहिल्यांदाच. एकीकडून हत्ती, दुसरीकडून गाढव, म्हणजे तिकडच्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांची चिन्हं, मधली खुर्ची ओढतात. कुणीही बसलं, तरी खुर्चीचे हात लांबत जातात. शाळेत शिरतात, छापखान्यात शिरतात, लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघतात. हत्ती बसला तरी लांबतात, गाढव बसलं तरी लांबतात. शेवटी एक म्हातारी उठते, संविधानाची पट्टी लावून ते हात मोजते आणि मापात आणते.

"काल रात्री कुणीतरी गाढवाचं डोकं तुडवलं, खुर्चीचे दोन्ही हात कापले," ऋतुजा म्हणाली. "हत्तीला मात्र ओरखडा नाही. म्हणून सगळे योगेशकडे बघताहेत. हत्ती तो करतो."

"देखावा उघडायचा कधी?"

"आज सातला. पण उत्सव परवाना कक्षाचे साहेब म्हणतात, मंडळात दोन गट आहेत, तणाव आहे, देखावा बंद. सहा वाजता कुलूप घेऊन येणार. ताई, एकदा बंद झाला की झाला. माझा पहिलाच देखावा आहे हो."

"अमेरिकाच का घेतलीस?"

"इथल्या कुणाला लागू नये म्हणून."

"आणि इथल्याच कुणाला तरी लागलं," शेफाली चपला चढवत म्हणाली. "उठा मामा."

मंडईमागच्या गल्लीत फुलांच्या पाट्या उतरत होत्या. ओल्या झेंडूचा वास अंगाला चिकटून चालत होता. मांडवात मूर्ती समोर, आणि डाव्या हाताला देखाव्याचा रंगमंच, पुढे जाड निळा पडदा.

पायऱ्यांपाशी बूट काढून एक गृहस्थ मूर्तीपुढे कपाळ टेकवून उठत होते. ते उत्तरेश्वर, परवाना कक्षाचे अधिकारी. डोळे पाणावलेले, आवाज मात्र कोरडा.

"मी पडद्याआड पाऊल ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "आजही नाही, आधीही नाही. गरजच काय? सकाळी अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, गाढव फोडलं, हात कापले. एवढं पुरे आहे."

"तपासाआधीच निकाल?" शेफालीने विचारलं.

"तणाव आहे, मॅडम. नियम आहे." त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या योगेशकडे बोट केलं. "बाप्पाचं मुख जमिनीवर पालथं घालणारी पोरं ही! त्यांनी एखादं गाढव तुडवलं, यात नवल ते काय?"

योगेशचा चेहरा पांढरा पडला. अधिकारी बूट घालून निघून गेले.

मामांनी भाचीला कोपर मारलं. "बघितलंस? तोच. रिपब्लिकन."

"मामा, तो यवतमाळचा आहे."

पडद्याआड गाढवाच्या डोक्याचा चुरा होता. शेफाली खुर्चीपाशी बसली. वेतावर कापड शिवून केलेले हात अगदी खांद्याच्या सांध्यातून, धारदार पात्याने नीट कापलेले. मंचाखाली वाकून पाहिलं, तर हात हलवणाऱ्या दोऱ्याही तोडलेल्या. हत्तीचं डोकं मात्र चौरंगावर विराजमान. खाली लाल कापड, सोंड मूर्तीच्या दिशेने.

रात्री पडद्यामागे जाळी ओढून आतून कडी घालत; आत यायचं ते मागच्या दारानंच, आणि त्याचं कुलूप शाबूत होतं.

मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब काठी टेकत आले.

"सकाळी आत पहिलं कोण आलं?"

"मी. संपतनं कुलूप काढलं, मी पुढं झालो."

"कशाला हात लावलात?"

"फक्त कपाळाला."

"हत्ती कुठे होता?"

"आत्ता आहे तिथेच. खालचं कापड तेवढं आरतीच्या ताटाखालचं. ते मूर्तीपासून इथवर कोण घेऊन आलं, देव जाणे."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक संपतकडे. दुसरी माझ्याकडे होती, ती कक्षात जमा केली. आग लागली तर म्हणून प्रत्येक मंडळानं द्यायची, असा यंदाचा नवा फतवा. पुढच्या वर्षी घरच्या कपाटाची मागतील."

मग कार्याध्यक्ष आनंद. कडक इस्त्री, आणि महापालिकेच्या तिकिटावर डोळा. योगेश त्याच्याच घरी भाड्याने राहायचा, म्हणून लोक त्याला आनंदच्या गटातला समजत.

"मला हा विषय नकोच होता," आनंद म्हणाला. "खुर्ची म्हटलं की आमच्यातल्या प्रत्येकाला आपलीच वाटते."

"म्हणून फोडलात देखावा?"

"मॅडम, मी फोडला असता तर कॅमेरे बोलावून फोडला असता. अंधारात केलेल्या कामाचं श्रेय कुणाला मिळतं?"

"हत्ती कुठे होता?"

"चौरंगावर. रोज तिथेच तर असतो."

तो गेल्यावर मामा म्हणाले, "हा खरं बोलला. म्हणजे संपतच. स्वतःचं डोकं स्वतःच फोडायचं आणि आळ हत्तीवर. तिकडे असं फार चालतं."

संपत हडपसरचा, मंडईत भाजीचा गाळा, आनंदच्या विरुद्ध पक्षाचा कट्टर. गाढव तो करायचा.

"माझंच डोकं मी कशाला तुडवू, ताई? किल्ली रातभर कमरेलाच हाय. आनि योगेशवर माझा काडीचा संशय न्हाय. पक्ष येगळा, पन पोरगं रोज माझ्याच गाळ्यावर काकड्या खातंय."

"काल कुलूप लावलं, तेव्हा हत्ती कुठे होता?"

संपतने योगेशकडे पाहिलं. योगेश कोपऱ्यातून पुढे आला.

"ॲक्च्युअली मॅडम... खाली होता. काल पहिल्यांदाच पूर्ण ड्रेसमध्ये तालीम झाली. डोकं आतून घामानं चिंब. वाळावं म्हणून पेपर टाकून पालथं ठेवलं. एरवी चौरंगावरच ठेवतो, शपथ."

"आत आणखी कोण होतं?"

"मी आणि संपतदादा. लगेच कुलूप लावलं."

"नंतर कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? रावसाहेब विसर्जनाआधीच मला बुडवतील!"

"म्या बी न्हाय बोललो," संपत म्हणाला. "सकाळी वर दिसलं, मला वाटलं रावसाहेबांनीच उचललं."

शेफालीने हत्तीखालचं लाल कापड बोटांनी चाचपलं. बाहेर कुणीतरी ढोलाची पानं ओढून ताणत होतं. थाप पडे, थांबे, पुन्हा पडे.

"ऋतुजा, त्या साहेबांनी तुला याआधी काही म्हटलं होतं?"

"हो. गेल्या आठवड्यात कक्षात बोलावलं होतं. म्हणाले, खुर्चीचे हात काढून टाका. मी विचारलं, कुठल्या नियमानं? तर हसले. म्हणाले, तुमच्या मंडळात भांडण नसेल तर आमचं काहीच म्हणणं नाही."

शेफालीच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "गल्लीतल्या शिवणाऱ्या बायकांना बोलाव. सुई, चिंध्या, दोरी. हात जोडायला घ्या."

"अगं, पण आरोपी?" मामा म्हणाले.

"सहाला येतो म्हणालाय की."

सहा वाजता उत्तरेश्वर कुलूप घेऊन आले. बूट काढले, मूर्तीपुढे कपाळ टेकवलं, वळले. पायऱ्यांवर सगळे उभे होते. आनंदची माणसं उजवीकडे, संपतची डावीकडे. मध्ये रस्ता सोडल्यासारखी फट.

"कुलूप लावाच साहेब," शेफाली म्हणाली, "पण आधी माझं ऐका. आत तीन कामं झाली. गाढव तुडवलं, हात कापले, हत्ती वाचवला. सगळ्यांनी पहिलं आणि तिसरं पाहिलं आणि म्हणाले, हत्तीवाल्यांनी गाढववाल्यांना मारलं. मधलं काम कुणी पाहिलंच नाही. गाढव रागानं फोडलं असेल. पण खुर्चीचे हात सांध्यातून नीट कापलेत. कुणी मंचाखाली शिरून दोऱ्याही तोडल्यात. पक्षाच्या भांडणात खुर्ची कोण मोडतो? ती तर दोघांनाही हवी असते."

गर्दीत हशा पिकला. आनंदही हसला.

"म्हणजे ज्याने हे केलं, त्याला गाढवाशी देणंघेणं नव्हतं. त्याला हात नको होते. गाढव तुडवलं ते भांडण दिसावं म्हणून. भांडण दिसलं की देखावा बंद करायला नियम सापडतो. हात काढा असं या मुलीला आधी कुणी सांगितलं होतं?"

"हा आरोप आहे," उत्तरेश्वर म्हणाले. "पुरावा?"

"कुलूप तुटलेलं नाही. एक किल्ली संपतच्या कमरेला, दुसरी तुमच्या कक्षात."

"कक्षात दहा माणसं आहेत."

"बरोबर. म्हणून मी हत्तीकडे वळले. ज्याने गाढव पायाखाली घेतलं, त्याने हत्तीचं डोकं उचलून चौरंगावर ठेवलं. आरतीच्या ताटाखालचं कापड आणून खाली घातलं, सोंड बाप्पाकडे केली. मी सगळ्यांना विचारलं, हत्ती कुठे होता? अध्यक्ष म्हणाले, चौरंगावर. आनंद म्हणाले, चौरंगावर. कारण उजेडात सगळ्यांनी तो तिथेच पाहिला. काल पहिल्यांदाच तो खाली पालथा होता, हे दोघांनाच ठाऊक. योगेशला आणि संपतला. दोघंही भीतीनं गप्प राहिले. तिसरं कुणाला ठाऊक असणार? जो रात्री कुलूप उघडून आत आला, त्यालाच."

ती एक पायरी उतरली.

"साहेब, सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बाप्पाचं मुख जमिनीवर पालथं घालणारी पोरं. पडद्याआड पाऊल ठेवलं नाही म्हणता. मग ते हत्तीचं डोकं पालथं कधी पाहिलंत?"

ढोल थांबले.

"कुणीतरी... बोललं असेल," उत्तरेश्वर म्हणाले. घाम कानशिलावरून ओघळत होता.

रावसाहेब काठी सोडून पुढे आले. त्यांनी अधिकाऱ्याचा हात हलकेच धरला, जावयाचा धरावा तसा. "चला, मूर्तीसमोर या. पायावर हात ठेवा आणि सांगा, मी आत गेलो नव्हतो. एवढंच. आम्ही स्वतः तुम्हाला कुलूप लावून देऊ."

उत्तरेश्वर मूर्तीसमोर उभे राहिले. हात पुढे झाला, आणि अर्ध्यात थबकला. समईची ज्योत त्यांच्या बोटांवर हलत होती.

"नाही ठेवता येत," ते म्हणाले. आवाजात आता कोरडेपणा उरला नव्हता. "वरून फोन आला होता. म्हणाले, ते हात आमच्यासारखे दिसतात, देखावा उघडता कामा नये. नियम सापडेना. मग मीच... पण ते मुख पालथं पडलेलं बघवलं नाही मला."

"पण मी तर अमेरिकेचे हात दाखवले होते!" ऋतुजा म्हणाली, आणि मांडव हास्याने दणाणला.

शेफाली हसली नाही. "काल रात्री तुमच्या हातून ते एकच चांगलं काम झालं, आणि त्यानंच तुम्ही सापडलात. आता आणखी एक करा. बंदीचा हुकूम मागे घ्या, आणि फोन कुणाचा होता ते चौकशीत नावानिशी सांगा."

उत्तरेश्वरांनी आनंदच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून हुकूम रद्द केला. किल्ली रावसाहेबांच्या हातात दिली. मग संपत आणि योगेश, दोघे दोन बाजूंनी, त्यांना पोलीस चौकीपर्यंत सोडायला गेले आणि धावत परत आले, कारण सात वाजत आले होते.

गाढवाला डोकं नव्हतं. संपतने पुठ्ठ्याचे दोन कान बांधले. "तसं बी मंडईत मला समदे वळखत्यात," तो म्हणाला.

मंचाखाली दोऱ्या ओढायला माणसं कमी पडली. इस्त्रीच्या कपड्यांसकट आनंद आत शिरला. त्याच्या शेजारी संपतचा चुलतभाऊ. "तू डावा ओढ," आनंद म्हणाला. "मी का डावा?" "बरं बाबा, उजवा घे!"

पडदा सरकला. गल्ली गच्च भरलेली, गॅलऱ्यांतून माणसं लोंबकळत होती. हत्ती बसला, हात लांबले. गाढव बसलं, हात आणखी लांबले. घाईत शिवताना बायकांनी ते मापापेक्षा लांब केले होते. ते मंच ओलांडून, कठडा ओलांडून थेट पहिल्या रांगेत गेले आणि एका पाटीत शिरले.

पाटी कांताबाईंची होती, कोथिंबीर विकणाऱ्या. त्यांना देखावाबिखावा कळला नव्हता. उरलेल्या जुड्यांवर कुणीतरी हात घातला एवढंच दिसलं. त्यांनी त्या हातावर फाडकन चापट मारली.

"ए! मागं घे!"

पहिली रांग खिदळली. मग गॅलरीतून एक पोरगी ओरडली, "मागं घे!" मग पायऱ्यांवरून, मग गल्लीच्या टोकावरून, मग आनंदची माणसं आणि संपतची माणसं एका दमात. "मागं घे! मागं घे!" ढोलवाल्यांनी त्या दोन शब्दांवर ठेका धरला.

पट्टी घेऊन तयार उभी असलेली नाटकातली म्हातारी गोंधळून ऋतुजाकडे बघू लागली. "माझी एंट्री?"

"थांब जरा," ऋतुजा म्हणाली. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. "आज लोकच मापात आणताहेत."

आणि मंचाखालून दोघांनी दोऱ्या सोडल्या. ते लांबच लांब हात सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, इंच इंच, मागे सरू लागले.