भांडणाचे पथ्य

बेल्ह्याच्या बैलबाजारात उपरण्याखाली पुढे आलेला तो हात गेणभाऊंचा नव्हता, हे सयाजीला स्पर्शातच कळले.

बैलाचा सौदा उघड बोलायचा नसतो. दलाल आणि मालक कापडाखाली एकमेकांची बोटे दाबतात आणि भाव ठरतो. बघ्यांना दिसतात ते केवळ चेहरे. वर धुळीचा पिवळा पडदा होता, घुंगरांचा कल्लोळ होता. आणि खाली, कापडाच्या त्या लहानशा अंधारात, सडपातळ, उष्ण, विलक्षण निर्भय अशी बोटे त्याच्या तळहातावर विसावली होती. त्या दिवशी सयाजीचा चेहरा साऱ्या बाजाराने पाहिला.

"गेणभाऊ, हात लई मऊ झाला तुमचा," तो म्हणाला.

राजुरीच्या गेणभाऊंनी फडक्यात बांधलेला आपला पंजा वर करून दाखवला. "माझा उसाच्या चरकात गावला, बाबा. पोरीला बोटांची भाषा येती. तिच्यासंगं कर सौदा."

त्यांच्या खांद्यामागून अंजना पुढे झाली. पदराचे टोक दातांत, आणि डोळ्यांत सरळसरळ राग.

"दर सांगा, दलाल. हात धरून किती येळ हुबं ऱ्हायाचं?"

"दर सांगितला की सोडावा लागंल... म्हून इचार करतोय."

"आकडा इसरला आसंल तर तसं सांगा. दुसरा दलाल बघतो आमी."

आणि कापडाखाली तिने त्याचे बोट असे पिरगाळले की, त्याने मुकाट्याने तिच्या मनातला भाव मान्य केला. त्याच वर्षी, तुळशीचे लग्न लागल्यावर, ती आळ्याला त्याच्या घरी नांदायला आली.

घरात सासू होती, बयाबाई. तिच्यासमोर नवराबायकोने बोलणे शोभत नसे. मग ती दोघे बोटांनी बोलत — ताट सरकवताना, कासरा देताना, पाण्याचा तांब्या हातातून हातात जाताना. बाजारातली ती रोकडी भाषा हळूहळू नको तितकी कोवळी झाली. करंगळी दाबली की, 'रुसलीस का?' अंगठा दाबला की... ते अंजनाने कधी कुणाला सांगितले नाही.

मग त्याच्या गालाच्या आत, तंबाखूची चिमूट जिथे मुक्कामाला असे, तिथे एक व्रण उठला आणि तो भरेना. जुन्नरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडले. तिथे रोगाचे नाव सांगितले गेले, आणि ते ऐकून अंजनाला रडू आले नाही, राग आला. तंबाखूची पितळी डबी तिने इस्पितळाच्या उकिरड्यावर भिरकावली. आजाराला कानशील नसते, नाहीतर तिने तिथे एक लगावली असती.

रेडियमच्या सुया झाल्या, विजेचे शेक झाले. गालाची कातडी जळून काळी पडली, लाळ आटली, एका बाजूचे दात काढावे लागले. पण गाठ विरघळली. निघताना तिथल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतले.

"आता खरे काम तुमचे. शेकाने जबडा आखडत जाईल. त्याला स्वस्थ बसू देऊ नका. बोलायला लावा, चावायला लावा, ओरडायला लावा, दुखले तरी. तोंड एकदा मिटले की ते पुन्हा उघडणार नाही. मग आत अन्न जायचे नाही आणि आम्हाला जखमही दिसायची नाही."

आणि गावाने नेमके उलटे केले. गावाने दया केली.

"बोलू नगा, राव. इसावा घ्या," म्हणत माणसे ओट्यावर येत आणि त्याच्याऐवजी आपणच बोलून जात. बयाबाई भाताची पेज कापडाने गाळून, चमच्याने त्याच्या ओठांच्या फटीत सोडत असे. सयाजीला दुखे, फार दुखे. आणि त्याच्यापाशी तर बोलण्यावाचून बोलण्याची वाट होतीच. तो अंजनाचा हात उपरण्याखाली ओढी आणि बोटे दाबी. पाणी. ऊन. जवळ बस...

तिला सारे कळे. तेच भयंकर होते. ज्या भाषेत तिच्यावर कुणी पहिल्यांदा प्रेम केले होते, तीच भाषा आता त्याच्या जबड्याला कुलूप घालत होती. एका सकाळी तिने हात मागे घेतला.

"मला न्हाई कळत. तोंडानं सांगा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. कुणीतरी भर बाजारात दिलेला शब्द फिरवल्यावर पाहावे, तसा. तोंड मात्र त्याने उघडले नाही.

ती गोठ्यात निघून गेली. दुखणे यायच्या आधी त्याने मोठ्या हौसेने पारखून आणलेला खोंड तिथे दाव्याला होता. त्याने नेमका तिच्या पायावर पाय दिला, आणि इतक्या दिवसांचा साचलेला संताप त्या मुक्या जनावरावर फुटला. "कसला खोंड आणलाय! खुरं बघावीत तर शेणाच्या गोवऱ्या. आंधळ्यानं पारखला आसता तरी बरा निघाला आसता."

"खुरांना... नावं ठिवू नगंस!"

आवाज ओट्यावरून आला होता. घोगरा, फाटका, पण आवाज. अंजना धावत बाहेर आली. सयाजी उभा होता, ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ उतरत होती, आणि त्याचे तोंड, ज्यातून कालपर्यंत चमचा आडवा जात नव्हता, चांगले बोटभर उघडले होते.

तिला पथ्य सापडले.

त्यानंतर रोज सकाळी ती खोंडाची निंदा करू लागली.

"शिंगं आज नीट बघितली. वांग्याची देठं बरी."

"तुझ्या बापाच्या बैलाला... व्हती का शिंगं?"

"व्हती की. तुमाला दिसली न्हाईत. तुमी माझा हात चाचपत बसला व्हता."

"खोटं. तूच... सोडीना."

तो हसे, हसताना कळवळे, कळवळून चिडे; आणि जबडा तसूतसूने सैल होई. खोंडाला नावे ठेवून झाल्यावर तिने सयाजीच्या फेट्याकडे मोर्चा वळवला, फेटा संपल्यावर आळ्याच्या विहिरींकडे. गाळलेली पेज तिने बंद केली, दुधात कुस्करलेली भाकरी समोर ठेवून ती म्हणे, "चावा, न्हाईतर म्हातारीवानी चोखत बसा." आणि तो घास गिळेपर्यंत दारातून हलत नसे. हे औषध आहे असे त्याला, आणि त्याच्या कानी जाईल म्हणून सासूलाही, सांगण्याची सोय नव्हती. औषध म्हणून काढलेल्या भांडणावर कोण मनापासून चिडेल?

गावाने तिला नाव दिले — कैदाशीण. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून घागरी दूर ठेवीत. बयाबाई तर एकदा सर्वांदेखत म्हणाली, "मरत्या मानसाला छळती. याचं पाप कुठं फेडशील, अंजने?"

"मरत्या म्हनू नगा, आत्याबाई," एवढेच ती बोलली. पण अशा आवाजात, की म्हातारी दोन पावले मागे सरली.

हे सारे सयाजी ओट्यावरून ऐकत होता, आणि त्यातून त्याने आपला निराळाच अर्थ काढला होता.

एके दुपारी राजुरीहून अंजनाचा भाऊ भगवंत गाडी जुंपून आला. तो गूळपाणीही घेईना. मान खाली घालून म्हणाला, "दाजींचा सांगावा आला व्हता. काडीमोड करायची म्हनत्यात."

त्यांच्यात ती रीत होती. चार माणसांसमोर नवऱ्याने गवताची काडी मोडली की लग्न मोडले, बाई मोकळी. ती विधवा ठरत नसे. सयाजीच्या गुडघ्यावर काडी आधीच ठेवलेली होती.

"मी गेलो... तर तुझं कपाळ पांढरं," तो एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला. "त्यापरीस आत्ताच मोकळी हो. वीट आलाय तुला... रोज ऐकतोय की मी."

अंजनाने तोंड उघडले, आणि तिला काही सापडले नाही. इतके दिवस खोटा राग तिने ओंजळी भरभरून उधळला होता. आज खरा आला, तर तो मुका होता. ती आत गेली, दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि गाडीत जाऊन बसली. पाठमोरी. दाराआड बयाबाईचे रडणे सुरू झाले.

"अंजने..."

ती बैलांच्या पाठींकडे पाहत होती.

"काय तरी बोल. माझ्या खोंडाला तरी... बोल."

भगवंताने कासरा हलवला. चाक कुरकुरले, अंगण सरकू लागले. सयाजी ओट्यावरून उतरला, अडखळला, गाडीच्या मागे चालू लागला.

"भांड की माझ्यासंगं!"

गाडी थांबली नाही. आणि मग आळ्याच्या त्या रस्त्यावर, घराघरांतून माणसे डोकावत असताना, सयाजी ओरडला. दुखण्याची, रक्ताची, लाजेची पर्वा न करता, सारे तोंड उघडून. "न्हाई मोडायची मला काडी! खोटं बोललो मी. मला भ्या वाटतंय... तू गेल्यावर मी कुनासाठी तोंड उघडू?"

भगवंताने न सांगता बैल थांबवले.

अंजना खाली उतरली. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. डोळे कोरडे होते. "रोजचं भांडान म्हंजी औषध व्हतं," ती म्हणाली. "मुंबैच्या डाक्टरांनी सांगितलेलं. तुमाला उमगलं न्हाई, आन मला सोडाया निघाला. बैलं पारखता तुमी, बैलं."

त्याने गाडीच्या चाकाला हात टेकला. "आन... आजचं?"

"आजचं खरं हाय. ह्यो राग लई दिस जायचा न्हाई."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी हाय की ऐकाया."

पुढल्या महिन्यात मुंबईला दाखवायला जायचे होते. तिथे काय ऐकायला मिळेल, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. रस्त्यातच, साऱ्या गावादेखत, तिने पदराचे टोक हातात घेतले.

"आ करा. रगत पुसते."

त्याने तोंड उघडले. आणि ती रागातच, अतिशय सावकाश, पुसत राहिली.