भाऊसाहेबांचं पाणी

अण्णांचं सुतक फिटलं त्या सकाळी शकूआत्या तुळशीच्या डहाळीनं घरभर गोमूत्र शिंपडत फिरली. देव्हारा, स्वयंपाकघर, अण्णांची खाट. पेल्यात उरलेलं तिनं दिवाणखान्यातल्या माशाच्या टाकीत ओतलं. घरातलं सगळं शुद्ध करायचं, मग टाकी कशी वगळायची?

टाकीच्या झाकणातून आवाज आला, "पाण्यात अमोनिया वाढला आहे."

"अगं बाई! हे कोण बोललं?" आत्या दचकून मागं सरकली.

"जलपाल." केतकी आतून धावत आली. "आत्या, काय टाकलंस?"

"विष नाही टाकलं. देशी गाईचं आहे, शुद्ध!"

जलपाल हे केतकीच्या वडिलांनी, अण्णांनी, निवृत्तीनंतर बसवलेलं यंत्र. केसाएवढ्या संवेदकांनी ते पाण्यातले क्षार, प्राणवायू आणि आम्लता सांगणारा सामू मोजत राही, लागेल ते द्रव्य थेंबाथेंबानं सोडी, नळाची झडपही सांभाळी. टाकीत एकच मासा होता, काळा-केशरी, वीतभर, ऑस्कर जातीचा. जेवण वेळेवर आलं नाही की काचेवर धडका देई, म्हणून अण्णा त्याला भाऊसाहेब म्हणत. संध्याकाळी शोभेच्या माशांच्या दुकानातले कुरणे त्याला न्यायला येणार होते. उद्या केतकीला हैदराबादला कामावर हजर व्हायचं होतं.

तिनं नळीचं एक टोक टाकीत, दुसरं मोरीत सोडलं. "अर्धं पाणी काढते. तू नवं सोड."

झडप उघडली नाही.

"ऐकू येत नाही का?"

"नवं पाणी आलं तर भाऊसाहेब मरतील."

"घ्या! यंत्रसुद्धा अहोजाहो करतंय," आत्या पुटपुटली.

"आम्ल पाण्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो," जलपाल म्हणाला. "या टाकीचा सामू साडेपाच आहे. इथलं बोअरचं पाणी आठच्या वर. ते आत आलं की साचलेला सगळा अमोनिया एकदम विषारी होईल."

"पेलाभर गोमूत्रानं?" आत्यानं विचारलं.

"पेल्याचा थोडाच. बाकीचा दीड वर्षाचा."

केतकीनं नळी बाहेर काढली. दीड वर्षापूर्वी अण्णांचे गुडघे गेले. तळाचा मैला उपसून बादल्या ओतणं थांबलं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी क्षार काढलेलं फिल्टरचं पाणी तेवढं पडत राहिलं. पाणी आंबत, आम्ल होत गेलं, त्यात घाण पचवणारे जीवाणू मंदावले आणि अमोनिया साचत गेला. जलपालनं सामू चढू दिला नाही, म्हणून मासा जगला.

"म्हणजे कुरण्यांच्या टाकीतही तो..."

"त्यांनाही हेच बोअरचं पाणी. नेता येणार नाही."

"अण्णांना माहीत होतं?"

"हो. यातून बाहेर पडायला किती दिवस लागतील, असं दर रविवारी विचारत. दर रविवारी आकडा वाढत गेला. पुढं त्यांनी विचारायचं सोडलं."

रविवारीच तर त्यांचा फोन येई. सगळं ठीक आहे, म्हणत. भाऊसाहेब मजेत आहेत, म्हणत.

"आता किती दिवस?" तिनं विचारलं.

"चार महिने. आधी अमोनिया उतरवायला रोज थोडं, या पाण्याच्या सामूशी जुळवलेलं फिल्टरचं पाणी, मग सामू हळूहळू चढवायला शिंपल्याचा चुरा. त्यांच्यावर नजर ठेवायला घरात माणूस हवं. तरी जगतीलच असं नाही. नाहीतर मी त्यांना आहे तसंच ठेवतो. कितीही वर्षं."

"त्रास होतो का त्याला?"

"सवय झाली आहे. त्रास मोजणारा संवेदक माझ्यात नाही."

आत्या काचेजवळ आली. "आठवडाभर मी थांबते, केतके. पण त्याला भरवायला नको सांगूस. बोट तोडायचा मेला."

केतकीनं कुरण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. हैदराबादचा नंबर काढला आणि फोन तसाच हातात धरून उभी राहिली. मासा पाण्याच्या मधोमध स्थिर होता, तिच्याकडे तोंड करून.

"सुरू कर," ती म्हणाली.

झडप किंचित उघडली. जुळवलेल्या पाण्याची दोऱ्याएवढी धार टाकीत उतरली. भाऊसाहेब गर्रकन वळले आणि लांबच्या कोपऱ्यात अंग चेपून राहिले. कल्ले भराभर उघडमिट करू लागले.

"काय झालं त्याला? सामू चढला?"

"नाही. सामू जागेवर आहे, अमोनियाही निरुपद्रवीच आहे. ते का घाबरले, मला सांगता येत नाही." जलपालनं विचारलं, "धार बंद करू?"