दमलेलं प्रतिबिंब

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आरशातली शर्वाणी खाली बसली. आरशासमोरची शर्वाणी उभीच होती.

घरात दुसरं कोणी उठलेलं नव्हतं. शर्वाणीने उजवा हात वर केला. आरशातल्या मुलीने केला नाही. ती भिंतीला टेकून, गुडघ्यांवर डोकं ठेवून बसून राहिली.

शर्वाणी कुबल सातवीत आहे आणि वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहते. तिच्या खोलीतला आरसा साधा नाही. तो काचेसारखा दिसणारा संगणकाचा पडदा आहे. शर्वाणीच्या मनगटावरची पट्टी तिचे हृदयाचे ठोके, झोप, खाणं आणि हालचाल मोजते. त्या मोजमापांवरून आरसा तिचं प्रतिरूप (गणिताने तयार केलेली हुबेहूब प्रतिमा) काढतो. ते तिच्यासारखंच हलतं, मात्र ते आजचं नसतं. आजचीच दिनचर्या चालू राहिली तर सहा महिन्यांनी शरीर कसं असेल, ते त्यात दिसतं.

हा आरसा शर्वाणीच्या आत्याने, डॉ. विशाखा कुबल यांनी, पुण्याच्या प्रयोगशाळेत बनवला होता. खाडी पोहून जाणाऱ्या मुलांच्या संघाची निवड रविवारी होती आणि शर्वाणीला त्या संघात जायचंच होतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पोहणं वाढवलं की प्रतिरूपाचे खांदे भरायचे. मग तिने पहाटेचं पळणं जोडलं. झोप कमी केली. भात सोडला. मैत्रीण जुई लगोरी खेळायला बोलवायची, तिलाही "वेळ नाही" म्हणून सांगितलं. आरशाला जे आवडतं ते दुप्पट करायचं, असा तिने नियमच केला होता.

म्हणून त्या सकाळी तिला भीतीपेक्षा राग जास्त आला.

"आळशी कुठली! ऊठ!" ती ओरडली आणि तशीच पळायला गेली.

बुधवारी आरशातली मुलगी पाठ फिरवून आडवी झाली होती. शर्वाणीने सराव आणखी वाढवला.

गुरुवारी आरशात खोली होती. पलंग होता, खिडकी होती, खुंटीवरचा टॉवेल होता. शर्वाणी नव्हती.

तिने काचेवर हात ठेवला. पलीकडून हात आला नाही. तिने पुन्हा ठेवला.

"बाबा!"

बाबा अंगणात जाळं सांधत होते. ते सुई हातात घेऊनच आत आले. त्यांनी एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे.

"बाय, ह्यां माका समजणा नाय. आत्येक फोन लाव."

विशाखाआत्या फोनच्या पडद्यावर आली. तिने पट्टीची मोजमापं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "शेवटचं पोटभर कधी हसलीस गं?"

शर्वाणीला आठवेना.

"आत्या, मी मरणार आहे का?"

"छे! आरसा भविष्य सांगत नाही, फक्त हिशेब मांडतो. शरीर फार दमलं की तो प्रतिरूपाला बसवतो, निजवतो. आता तर तुझे झोपेतले ठोकेसुद्धा शांत होत नाहीत. कधी वर, कधी खाली. त्यातून कोणतं शरीर काढायचं, हेच त्याला कळेनासं झालंय. म्हणून जागा रिकामी."

"पण मी तर सगळं आरोग्यासाठीच केलं!"

"अर्धंच केलंस. पोहताना स्नायूंवर ताण येतो, त्यांच्या तंतूंना बारीक चिरा पडतात. शरीर त्या भरून काढतं आणि भरताना पहिल्यापेक्षा मजबूत करतं. पण भरायचं काम पाण्यात होत नाही. ते नंतर होतं, विश्रांतीत, मुख्यतः झोपेत. त्यासाठी सामान लागतं, ते जेवणातून येतं. तू नुसत्या चिरा पाडत राहिलीस."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे जाळ्यासारखांच. रोज दर्यात टाकलां आणि सांधूचा नाय, तर मासे गावतीत काय? पावसाळ्यात बंदी असता तेव्हा सगळी वाडी जाळी सांधता. तेव्हा कोण कोणाक आळशी म्हणता?"

"दादा, हे मी विज्ञान परिषदेत सांगायला हवं होतं," आत्या हसली. "याला समस्थिती म्हणतात (शरीराने आतून सांभाळलेला तोल). मेहनत, जेवण, झोप, खेळ यांतलं एकच ओढलं की बाकीचं फाटतं. आणि तोल एका दिवसात साधत नाही. रोज थोडा सांभाळावा लागतो, तोही वर्षानुवर्षं जमेल असा."

"मग रविवार?"

उत्तर शर्वाणीलाच द्यायचं होतं.

तिने पुन्हा रिकाम्या आरशाकडे पाहिलं. "पुढची निवड दिवाळीनंतर आहे," ती हळूच म्हणाली आणि रडली.

दुपारी तिने बांगड्याचं सार आणि भात खाल्ला. संध्याकाळी जुई आली. "जिवंत आहेस होय? मला वाटलं, मासा झालीस!" लगोरी अंधार पडेपर्यंत चालली. आता शर्वाणी एक दिवस पोहते, एक दिवस नाही. झोप येते तेव्हा झोपते. ठोके शांत होऊ लागले आहेत.

आरसा मात्र रिकामाच होता. आज सकाळपर्यंत.

आज आरशातल्या खोलीत, दारापाशी, दोन पावलांचे ठसे दिसले. शर्वाणीने मागे वळून पाहिलं. खोलीतली फरशी स्वच्छ होती.

आत्याने फोनवर दोनदा खात्री करून घेतली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आरशाचा प्रोग्रॅम नुसते ठसे काढू शकत नाही. काढलं तर अख्खं शरीर, नाहीतर काहीच नाही. चूक कुठे आहे, ते ती शोधते आहे. अजून सापडलेली नाही.

ठसे ओले आहेत, कोणी पोहून घरी परतल्यासारखे. बोटं खोलीच्या आत वळलेली आहेत.