घमेलंभर रेती

खोटं वाटत असेल, तर लोणारजवळच्या सुलतानपूरला जाऊन या. घमेलं अजून तिथंच आहे.

ही माझ्या मावसबहिणीच्या, पूनमच्या घरातली गोष्ट. गेल्या पौषातली. भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते... हे भरदुपारी घडलं. अंगणात ऊन होतं, शेजारी तूर वाळत होती.

पूनमच्या नवऱ्यानं, गणेशनं, नवं स्लॅबचं घर बांधलं. पांढऱ्याशुभ्र टाइल्स. त्यांच्यावर त्याचा एवढा जीव, की पाहुण्यांनीही पाय धुऊनच आत यायचं.

त्याची आई गीताबाई तेव्हा पार थकली होती. संडास अंगणाच्या टोकाला. म्हातारी तिथवर पोचायची नाही. वाटेतच लुगडं ओलं व्हायचं.

एकदा तीच सुनेला म्हणाली, "पूनम, मले एक घमेलंभर रेती आनून दे न वं. खाटीखाली ठेव. मी त्यातच जाईन, वरून रेती लोटीन. तुमच्या टाइल्स नाही खराब करत मी."

बांधकामाची रेती घरामागं ढिगानं पडली होती.

गणेश म्हणाला, "घरात असलं घानेरडं काही ठेवाचं नाही. लोकं काय म्हनतीन?"

पूनम गप्प बसली. हे सांगताना ती आजही डोळ्याला पदर लावते.

म्हातारीची खाट आतल्या खोलीतून मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. काही लागलं की ती स्टीलचा ग्लास पत्र्यावर वाजवायची.

ठण्... ठण्...

घरात टीव्ही चालू असायचा.

थंडीतल्या एका सकाळी तो आवाज आला नाही. तेरवीला बुंदी मात्र भरपूर होती.

घरातल्या तिच्या जुन्या, आतल्या खोलीत सोयाबीनची पोती लागली. पोत्यांमागं उंदीर आले, आणि उंदरांसाठी गणेशनं मांजरीचं पिल्लू आणलं. चिंगी.

चिंगीनं पहिल्याच दिवशी टाइल्सवर घाण केली.

पूनमला वाटलं, आता हिची रवानगी उकिरड्यावर. पण नाही. गणेशनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. घमेलं आणलं. स्वतःच्या हातानं रेती चाळली, भरली आणि त्याच खोलीत ठेवली... जिथं आधी आईची खाट होती, बरोब्बर तिथं.

दूध पिऊन झालं की तो पिल्लाला घमेल्यात बसवायचा. त्याचे पंजे धरून रेती उकरून दाखवायचा. जमलं की पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "शाबास!"

एकदा चिंगी चुकली, तेव्हा पूनम ओरडली. गणेश म्हणाला, "तिच्यावर वरडू नको वं. ते काय मुद्दाम करते काय?"

पूनम त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

चिंगी शिकली. मग अचानक तिनं त्या खोलीत जाणंच सोडलं. उंबऱ्यापाशी थांबायची, अंग फुगवायची आणि अंगणात पळायची.

घमेल्यातली रेती मात्र रोज ओली असायची...

त्या दुपारी गणेश शेतात होता. पूनम स्वयंपाकघरात गहू निवडत होती. चिंगी तिच्या मांडीवर झोपलेली.

खर्र...

चिंगीचे कान उभे राहिले.

खर्र... खर्र...

आतल्या खोलीत कुणीतरी रेती ओढत होतं. सावकाश. दम खात खात.

चिंगीची नखं पूनमच्या मांडीत रुतली. पूनम उठली. दाराशी गेली.

आत कुणी नव्हतं. फक्त बामाचा वास... म्हातारी गुडघ्यांना लावायची, तोच.

घमेल्यात ओल होती. ओलीवर कोरडी रेती नीट लोटलेली. आणि त्या रेतीवर बोटांच्या रेघा.

एक रेघ. मग रिकामी जागा. मग दोन रेघा.

गीताबाईचं मधलं बोट कडब्याची कुट्टी करायच्या मशीनमध्ये तुटलं होतं.

संध्याकाळी गणेशनं त्या रेघा पाहिल्या. तोंड पांढरं पडलं, पण कबूल कोण करतो! "मांजर आहे वं ते!" असं म्हणून त्यानं घमेलं उचललं, मागच्या पत्र्याच्या खोलीत फेकलं आणि बाहेरून कडी लावली.

सकाळी दोघं चहा पीत होते.

ठण्... ठण्...

गणेशचा कप तसाच हातात राहिला.

ठण्...

"ऐकू येते का तुम्हाले?" पूनमनं विचारलं.

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. खाटेच्या जागी पांढऱ्या टाइल्सवर पाणी साचलं होतं. पाणी नव्हतं ते. दोघांनाही वासावरून कळलं.

आईच्या हयातीत त्यानं एकदाही फडकं हातात घेतलं नव्हतं. त्या दिवशी गुडघ्यांवर बसून त्यानं ती फरशी पुसली. मग मागं जाऊन कडी काढली, घमेलं आणलं. ताजी रेती भरून जागेवर ठेवलं.

त्यानंतर टाइल्स कधी ओल्या झाल्या नाहीत. ग्लासही वाजला नाही.

चिंगी आता घरात येत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर बसून असते. पोतीही गणेशनं दुसरीकडे हलवली. रेती मात्र तोच बदलतो, पूनमला हात लावू देत नाही. मी दिवाळीला गेले होते. त्या खोलीत झोपायला सांगितलं, तर मी सरळ ओसरीवर अंथरूण टाकलं.

परवा पूनमचा फोन आला. ती दुपारी धुणं वाळत घालत होती म्हणे. चिंगी तिच्या समोर, भिंतीवर. गणेश आतल्या खोलीत एकटाच...

आतून रेती ओढल्याचा आवाज आला. सावकाश. दम खात खात.

मग आवाज थांबला.

आणि गणेश हळूच म्हणाला, "शाबास."