हलायचं नाही

गेथिन सुतार माझ्या दुकानातून पहिल्यांदा पळाला, तेव्हा त्याच्या तोंडात मनुकांच्या पावाचा घास होता आणि माझी स्तुती निम्मीच करून झाली होती.

नोव्हेंबर होता. बाहेर तिरपा पाऊस, आत भट्टीची ऊब. एरलिस आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मी तिची बेकरी चालवायला पोर्थ हेलिग या समुद्रकाठच्या गावी आले होते. तो माझा दुसराच दिवस. दार ढकलून एक उंच, चिंब भिजलेला माणूस आत आला. केसांत लाकडाचा भुसा, डोळे हिरवट… आणि ते डोळे पावाकडे कमी, माझ्याकडे जास्त.

"तुम्ही एरलिसमावशींची भाची ना?" घास घेत तो म्हणाला. "कमाल आहे! मावशी कधी बोलल्या नाहीत की त्यांची भाची इतकी—"

इतक्यात भट्टीवरचा टायमर वाजला. पीं-पीं, पीं-पीं.

माणूस गायब! दार सताड उघडं, पाऊस आत, आणि हा उतारावरून समुद्राकडे धूम पळतोय. समोरच्या दुकानातून ह्यू खाटकाने त्याला पाहिलं, सुरी टाकली आणि रक्ताळलेल्या एप्रनसकट तोही पळाला. मागोमाग शाळेतल्या सियानबाई. मागोमाग चहा पिता पिता उठलेले इद्रिसकाका. मी हातात पावाचा ट्रे घेऊन बघत राहिले. माझ्या पावांत इतकं वाईट काय होतं?

थोड्या वेळाने सगळी वरात परत आली आणि दुकानाच्या दारात ओळीने उभी राहिली. निथळत, धापा टाकत.

"बाई," गेथिनने अगदी नम्रपणे विचारलं, "तुमची भट्टी बुडतेय का?"

तेव्हा उलगडा झाला. ही सगळी गावच्या बचाव होडीवरची माणसं. पगारी कुणी नाही, आपापला धंदा सांभाळून करतात. समुद्रात कुणी अडकलं की यांच्या कमरेचे पेजर वाजतात, आणि ते माझ्या नव्या टायमरसारखेच वाजतात. त्यात गावातल्या निम्म्या गल्ल्यांत पेजरला रेंज नाही. म्हणून एक जण पळाला की बाकीचे कारण विचारत नाहीत, पळतात. होडी वाळूपर्यंत आणल्यावर यांनी तटरक्षकांना विचारलं, "कोण बुडतंय?" पलीकडून उत्तर आलं, "कुणीच नाही. तुम्हाला बोलावलं कुणी?"

"टायमर बदला," ह्यू गुरगुरला.

"भट्टी माझी, कान तुमचे," मी म्हटलं. "कान बदला."

इद्रिसकाका खो खो हसले. गेथिन हसला नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मी उद्या येतो. हत्यारं घेऊन. आवाज दुरुस्त करून देतो."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. टायमर उघडायचा, आत फुंकर मारायचा, स्क्रू पिळायचा, मान हलवायचा. "अवघड केस आहे…" असं म्हणून एक पाव खायचा आणि जायचा. आवाज होता तसाच. मला वाटलं, बिचाऱ्याला हे काम जमत नाही. पण दार वाजलं की माझा हात आपोआप केसांकडे जायचा, हेही खरं.

आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव जोन्स. म्हणून धंद्यावरून नावं पडतात. ह्यू खाटीक, सियान शाळा, इद्रिस ट्रॅक्टर. मी आठवड्याभरात नेरिस पाव झाले.

"नाव आवडलं?" गेथिनने विचारलं.

"तात्पुरतं चालेल."

"तात्पुरतं का? जाणार आहात का गाव सोडून?" त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"अहो-जाहो सोडलंत तर विचार करीन," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. "बरं… नेरिस," तो म्हणाला. "नको जाऊस."

पण त्याची एक खोड माझ्या लक्षात आली होती. तो कधी आत येऊन बसायचा नाही. दाराजवळच्या स्टुलावर, एक पाय बाहेर. बूट सैल बांधलेले. गाडी कायम उताराकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, "जेवायला ये रविवारी." त्याचा चेहराच उतरला.

"मी कुणाकडे जेवायला जात नाही," तो म्हणाला. "माझं लग्न ठरलं होतं, नेरिस. तिच्या आईवडिलांसमोर, साखरपुड्याच्या जेवणातून उठून पळालो. नंतर तिच्या वाढदिवसातून. शेवटी ती म्हणाली, मला वाट बघता येत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणालाच असं बसवून ठेवू नये."

मला राग आला होता, पण त्याच्या पळण्याचा नव्हे. मला न विचारताच मला वाट बघणाऱ्यांच्या रांगेत उभं केल्याचा राग.

त्याच आठवड्यात इद्रिसकाका शेवाळलेल्या खडकावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. गाव हबकलं. आमच्याकडे बंदर नाही, नुसती वाळू. होडी गाड्यावर असते, गाडा ट्रॅक्टरला, आणि ट्रॅक्टर ती लाटांत नेऊन सोडतो. ट्रॅक्टरवाला नाही तर होडी नाही. दुसरा चालक नाताळाआधी जहाजावर नोकरीला निघणार होता. नाताळापर्यंत कुणी शिकून तयार झालं नाही, तर ऐन सणात आमचा किनारा उघडा पडणार होता. शेजारच्या गावची होडी भूशिराला वळसा घालून येईपर्यंत बुडणारा काही थांबत नाही.

"मी शिकते," मी म्हटलं.

होडीघरात सगळ्यांच्या माना वळल्या.

"पाव भाजणं वेगळं, पोरी," ह्यू म्हणाला.

"आमच्या घरी मेंढ्या आहेत, ह्यूकाका. मी सायकलीआधी ट्रॅक्टर शिकलेय. चिखलात, उतारावर, ट्रॉली लावून, उलटा. तुम्ही फक्त पाणी कुठे आहे ते दाखवा."

सगळे हसले. गेथिन मात्र मला बाहेर घेऊन गेला.

"नको करूस हे."

"का? बाई आहे म्हणून?"

"सियान होडीवर येते, ती काय बुवा आहे? ते नाही गं…" त्याने केसांतून हात फिरवला. "परत येताना होडी कशी घेतात, पाहिलंयस? गाड्याला जाळं असतं. लाटा असल्या की हळू येता येत नाही, होडी आडवी होते. सुकाणूवरच्या तांडेलाने भरधाव थेट जाळ्यात घालायची. जाळ्यामागे ट्रॅक्टर. आणि तांडेल मी आहे. मी तुझ्या अंगावर होडी घालू?"

"इद्रिसकाकांच्या अंगावर इतकी वर्षं घालतच होतास की!"

"इद्रिसकाकांवर माझं—" तो थांबला.

"काय?"

पीं-पीं, पीं-पीं. या खेपेला खरा पेजर. तो पळाला. मी मनात म्हटलं, या माणसाचं एक वाक्य पुरं ऐकायचं तर याच्याबरोबर पळावंच लागेल.

मग मी शिकले. पहाटे भट्टी, दुपारी ट्रॅक्टर. इद्रिसकाका गळ्यात हात बांधून शेजारी बसायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे.

"हां, वाळू मऊ आहे इथे, रुतशील… शाब्बास! आता ऐक. तो येताना अंगावर येतोय असंच वाटणार. पाय पळायला बघेल. हलायचं नाही. तू तिथे आहेस हे धरूनच तो येतो. तू वीतभर जरी हललीस ना, तो फुटला."

"आणि तो चुकला तर?"

"तो नाही चुकत," काका म्हणाले. "तू आहेस तिथे राहा, बस्स."

परीक्षा घ्यायला शहरातून एक खडूस साहेब आले. कमरेइतक्या पाण्यात मला दोनदा गाडा लावायला लावला, काचेवर लाट फुटली तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि "ठीक आहे" म्हणाले. नाताळच्या आदल्या दिवशी माझ्या कमरेला पेजर आला. गेथिनने अभिनंदन केलं, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही.

"उद्या आत्याकडे जेवायला ये," मी म्हटलं. "इद्रिसकाका पण आहेत. दाराजवळची खुर्ची तुझी."

तो आला. हिरवा स्वेटर, भांग पाडलेला, हातात माझ्यासाठी स्वतः कोरलेला लाकडी चमचा, दांड्यावर इवलासा पाव. आमच्याकडे तरुण मुलीला कोरीव चमचा दिला की वेगळं काही सांगावं लागत नाही. आत्या मुद्दाम स्वयंपाकघरात गेली. काका मुद्दाम झोपले. डोक्यावर नाताळच्या जेवणाचे कागदी मुकुट, समोर वाफाळती टर्की, आणि गेथिन म्हणाला, "नेरिस, मला तुला कधीपासून—"

पीं-पीं, पीं-पीं. त्याच्या कमरेला. आणि माझ्याही.

एक क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दोघांच्याही खुर्च्या एकदम मागे पडल्या.

उतारावरून मुकुटासकट पळालो. नाताळची भेट म्हणून मिळालेली उभं राहून वल्हवायची नवीकोरी तरंगती फळी घेऊन एक बाप आणि त्याची लेक पाण्यात उतरले होते, आणि जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्याने त्यांना थेट बाहेर ओढलं होतं. मी ट्रॅक्टर लाटांत घातला. पाणी चाकांवर, मग काचेवर. गेथिन, सियान आणि ह्यू होडीत बसले, मी सोडलं, आणि होडी उड्या मारत करड्या पाण्यात दिसेनाशी झाली.

मग मी उरले. खरं सांगते, भीती वाटली. पण हातांना काम होतं. भरती चढत होती, वाळू सरकत होती. गाडा मागे घ्यायचा, पुन्हा पुढे, जाळं लाटेसमोर सरळ धरायचं. गेथिनला वाटायचं ते बसून वाट बघणं हे नव्हे, एवढं मला त्या केबिनमध्ये कळलं.

मागे वळून पाहिलं तर अख्खं गाव उतरत होतं. आमच्याकडे सणाला होडी गेली की कुणी घरी घास घेत नाही. झाकलेली ताटं, वाफ येणारी पातेली, पुडिंग, दुलया घेऊन सगळे होडीघरात येतात आणि ती परत आल्यावरच एका पंगतीला बसतात. एरलिस आत्या काठी टेकत आघाडीवर होती.

उजेड मावळायला आला तेव्हा रेडिओ खरखरला. "दोघं मिळाले. गारठलेत, पण बरे आहेत. परत येतोय."

होडीघरातून आरोळी उठली. मी दिवे लावले आणि जाळं लाटांकडे धरलं. तेवढ्या वेळात वारा फिरून समुद्र खवळला होता. लांबून एक दिवा वर जायचा, खाली जायचा. मग तो किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर थांबला. पुढे येईना.

मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

रेडिओवर फालतू बोलायचं नाही असा नियम आहे. मी बटण दाबलं. "गेथिन, थांबलास का?"

दिवा एका लाटेमागे गेला, पुन्हा वर आला. मग, "लाट मोठी आहे. ट्रॅक्टरमध्ये तू आहेस."

"मी आहे म्हणूनच ये. मी हलणार नाही."

"नेरिस…"

"आणि येताना ते वाक्य पुरं कर. दोनदा अर्धवट ठेवलंयस."

खरखर. मग त्याचा आवाज, एकदम स्वच्छ, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. येतोय."

इंजिन गरजलं. होडी लाटेच्या पाठीवर चढली आणि दिव्यांसकट, फेसासकट, भरधाव माझ्या रोखाने निघाली. पाय ब्रेकवर दाबून धरला. काकांचं ऐकलं. डोळे मिटले नाहीत, स्टिअरिंग धरून ठेवलं. धाड! ट्रॅक्टर हादरला, केबिनभर पाणी उडालं आणि होडी जाळ्यात बरोब्बर मधोमध बसली. होडीतली मुलगी दुलईतून डोकं काढून बापाला म्हणाली, "पुन्हा करूया?"

गेथिन उडी मारून पाण्यातून आला, केबिनचं दार उघडलं, आणि भिजलेल्या हातांनी माझा चेहरा धरला. मिठाची चव आली. मागून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा मला आठवलं. होडीघरातला रेडिओचा कर्णा चालूच असतो.

"सगळं ऐकलं हो आम्ही!" ह्यूची बायको ओरडली. "नियम मोडलात, दंड म्हणून भांडी तुमच्याकडे!"

होडीघरात दारं काढून त्यांची टेबलं केली होती. बापलेक शेगडीपाशी सूप पीत होते. इद्रिसकाका उभे राहिले, चांगल्या हाताने पेला उचलला. "मी आता इद्रिस पेन्शन," ते म्हणाले. "ही आजपासून नेरिस ट्रॅक्टर."

गेथिन टेबलाच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून, दारापासून सगळ्यात लांब बसला होता. बूट काढून. मी त्याच्या शेजारी बसले आणि गार टर्कीचा पहिला घास घेतला.

पीं-पीं, पीं-पीं.

अख्खी पंगत उठली. ह्यूचं ताट उलटं झालं, सियान दारापर्यंत पोचली. गेथिन मात्र जागचा हलला नाही. त्याने माझा हात धरून मलाही खाली बसवलं.

"बसा सगळे," तो म्हणाला. "मावशी, खिसा बघा. पुडिंग झालं तुमचं."

आत्याने एप्रनच्या खिशातून माझा टायमर काढला आणि ओशाळून हसली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"शेवटचा सूर जरा लांबतो. पेजरचा तुटतो."

"हे कधीपासून माहीत आहे तुला?"

गेथिनचे कान पुन्हा लाल झाले. त्याने बटाटा काट्याने टोचला, परत ठेवला.

"दुसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला.