बुधवार बायकांचा

पिंजऱ्यात अस्वल नव्हतं. माणूस होता.

रेहाना दोन पावलं मागे सरकली... मग तीन पुढे. नगरपालिकेच्या बागेतलं प्राणिघर बुधवारी फक्त बायकांसाठी उघडं असे. एकची घंटा झाली की आत पुरुष दिसता कामा नये. आणि इथे पाण्याच्या हौदामागे एक तरुण दडलेला — हातात खराटा, केसांत गवत.

"ओरडू नका," तो कुजबुजला. "मी सलाउद्दीन. अस्वलाचा राखणदार."

"राखणदार इथे, मग अस्वल कुठंय?"

"मागच्या खोलीत. मी पिंजरा धूत होतो. फाटकावरच्या सगुणाबाई बुधवारी घंटेआधी सगळी कुलपं लावून घेतात. मी वाकलेला... त्यांना दिसलोच नाही. कुलूप कळलं तेव्हा घंटा झालेली."

"मग मारा की हाक!"

"बायकांच्या दिवशी आत सापडलो तर नोकरी गेली. एक तारखेपासून कायम होणार होतो हो..."

रेहानाचं हसू ओठांतच राहिलं.

पाटी : प्राण्यांस चिडवू नये.

"रेहाना, अस्वल दिसलं का गं?" माकडांपाशी रमलेल्या तिच्या खालानं, मावशीनं, विचारलं.

"आजारी आहे, खाला! इकडे येऊच नका, वास येतोय!"

"वास?" मागून दुखावलेला सूर.

"गप्प. आजारी आहात तुम्ही."

बुरखा पसरून ती पिंजऱ्यापुढच्या बाकावर बसली. येईल तिला परतवू लागली — मुलांना नका आणू, बाई, खोकतंय ते.

पाटी : प्राण्यांस खाऊ घालू नये.

पेरूची फोड गजांतून आत गेली. बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते... मागे घ्यायला उशीर केला.

"मीठ नाही?"

"नखरे बघा अस्वलाचे!"

पाटी : पिंजऱ्यापाशी फार वेळ थां— (पुढचा रंग उडालेला.)

चार तास. त्यानं सांगितलं, अस्वल एकटं जेवत नाही. आधी आपण समोर बसून भाकरीचा तुकडा मोडायचा, मग ते तोंड लावतं. रेहाना ऐकत राहिली. दुपार कधी कलली, कळलंच नाही.

पाचची घंटा. बायका पांगल्या, खाला टांगा बघायला गेली. रेहाना थेट फाटकावर.

"सगुणाबाई, तुम्ही माणूस कोंडलाय. अस्वलाच्या पिंजऱ्यात."

"अगं बाई! साहेबाला कळलं तर त्याची जाईल अन् माझीबी!"

धावत येऊन त्यांनी कुलूप काढलं. "मेल्या, तोंड नव्हतं का तुला?"

"ते बंद ठेवलं म्हणून तर दोघं वाचलो, मावशी."

सगुणाबाई मटकन खाली बसून हसू लागल्या.

"पुढच्या बुधवारी..." सलाउद्दीन चाचरला.

"बुधवारी तुम्हाला बंदी. मी रविवारी येईन — अब्बांना घेऊन."

"त्यांना अस्वल बघायचंय?"

"अस्वल नंतर," ती नकाब ओढत म्हणाली. "आधी राखणदार बघतील."

आणि टांग्याकडे पळाली.